चित्रपटगृह की घरचा पडदा? महामारीच्या काळातील चित्रपट-प्रदर्शनाचा प्रश्न

घटक ४

४.१ उद्दिष्टे

या घटकाचे अध्ययन केल्यानंतर आपल्याला :

१. चित्रपटाची निर्मिती, वितरण आणि प्रदर्शन या तीन व्यवहारांतील परस्परसंबंध स्पष्ट करता येईल.
२. चित्रपटगृहांच्या ‘राखीव मुदती’ची संकल्पना सांगता येईल.
३. महामारीच्या काळात चित्रपटगृहे आणि घरपोच प्रदर्शन यांत निर्माण झालेल्या वादाची कारणमीमांसा करता येईल.
४. या बदलाचा मराठी चित्रपटावर आणि चित्रपटविषयक मराठी भाषेवर झालेला परिणाम सोदाहरण मांडता येईल.

४.२ प्रास्ताविक

मागील घटकात आपण चित्रपट या माध्यमाचे दृक्‌श्राव्य स्वरूप आणि त्याची कथनपद्धती यांचा परिचय करून घेतला. परंतु चित्रपट तयार झाला म्हणजे तो प्रेक्षकांपर्यंत पोचला असे होत नाही. त्याला पडदा मिळावा लागतो, तारीख मिळावी लागते आणि ती तारीख लोकांना कळावी लागते. हा सारा व्यवहार एरवी प्रेक्षकाच्या नजरेआड चालतो. २०२० साली कोविड-१९च्या महामारीमुळे जगभरची चित्रपटगृहे बंद झाली आणि हा व्यवहार एकाएकी सार्वजनिक चर्चेचा विषय झाला.

तयार चित्रपटांचे निर्माते तेव्हा एका पेचात सापडले. चित्रपटगृहे उघडेपर्यंत थांबावे, की इंटरनेटवरून थेट घरोघरी चित्रपट पोचवणाऱ्या मंचाला तो विकून मोकळे व्हावे? अशा मंचांना आपण व्यवहारात ‘ओटीटी’ म्हणतो. केबल किंवा उपग्रह वाहिनीच्या यंत्रणेवर अवलंबून न राहता इंटरनेटद्वारे कार्यक्रम पुरवणारी सेवा, असा या संज्ञेचा अर्थ आहे.

या विषयावरील चर्चा बहुधा ‘मोठा पडदा श्रेष्ठ की घरची सोय’ अशा रसिकतेच्या भाषेत झाली. तो प्रश्न महत्त्वाचा आहेच. तथापि निर्माते आणि चित्रपटगृहांचे मालक ज्या मुद्द्यावर एकमेकांसमोर उभे राहिले तो निराळा होता. नवा चित्रपट पहिल्यांदा कोणी दाखवायचा, तो किती दिवस एकट्याने दाखवायचा आणि तो पडून राहिला तर नुकसान कोणी सोसायचे, हा तो मुद्दा होय. प्रस्तुत घटकात आपण या मुद्द्याच्या आधारे त्या काळातील घटनांचा अभ्यास करणार आहोत.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ प्रदर्शनाची साखळी आणि राखीव मुदत

चित्रपटव्यवसायात तीन मुख्य घटक असतात. निर्माता भांडवल घालून चित्रपट तयार करतो. वितरक विशिष्ट प्रदेशापुरते हक्क घेऊन तो चित्रपटगृहांपर्यंत पोचवतो. प्रदर्शक, म्हणजे चित्रपटगृहाचा मालक, तो प्रत्यक्ष दाखवतो. तिकीटविक्रीतून आलेल्या पैशातून कर वजा जाता उरलेली रक्कम या घटकांत वाटली जाते.

ही वाटणी कशी होते हे समजल्याशिवाय पुढील वाद समजणार नाही. २००९ साली एप्रिल ते जून या काळात हिंदी चित्रपटांचे निर्माते-वितरक आणि बहुपडदा चित्रपटगृहे यांच्यात याच प्रश्नावरून संघर्ष झाला. सुमारे दोन महिने नवे मोठे हिंदी चित्रपट या चित्रपटगृहांत लागले नाहीत. अखेरीस झालेल्या समझोत्यात वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्या आठवड्यात ४२.५ टक्के, तिसऱ्या आठवड्यात ३७.५ टक्के आणि त्यानंतर ३० टक्के असा ठरला. म्हणजेच चित्रपट जितका अधिक दिवस चालेल तितका प्रत्येक तिकिटातील प्रदर्शकाचा हिस्सा वाढत जातो. पहिल्या आठवड्याची गर्दी वितरकाला प्रिय असते. प्रदर्शकाची भिस्त मात्र पुढच्या आठवड्यांवरही असते.

या पुढच्या आठवड्यांचे रक्षण करण्यासाठी एक प्रथा रूढ झाली. चित्रपटगृहात लागलेला चित्रपट ठरावीक काळ अन्य कोणत्याही मार्गाने उपलब्ध करून द्यायचा नाही, अशी ही प्रथा आहे. व्यवसायात या काळाला ‘विंडो’ म्हणतात. या घटकात आपण त्याला ‘राखीव मुदत’ म्हणू. महामारीपूर्वी अमेरिकेत ही मुदत साधारणपणे ७५ ते ९० दिवसांची असे, तर हिंदी चित्रपटांसाठी ती आठ आठवड्यांची होती. चित्रपट दोन आठवड्यांत घरी येणार आहे हे ठाऊक असेल तर घराबाहेर पडण्याचा विचार पुष्कळ जण सोडून देतील, हे या प्रथेमागील साधे गणित आहे.

या मुदतीला धक्का देण्याचा प्रयत्न महामारीपूर्वीही झाला होता. कमल हासन यांनी २०१३ साली प्रदर्शित झालेला ‘विश्वरूपम’ हा चित्रपट चित्रपटगृहांत लागण्याआधी डीटीएच सेवेवरून घरोघरी दाखवण्याची योजना आखली. तमिळनाडूतील चित्रपटगृहांच्या मालकांनी तिला कडाडून विरोध केला आणि योजना बदलावी लागली. तेव्हा चित्रपटगृहे उघडी होती, त्यामुळे ‘आम्ही तुमचा चित्रपट लावणार नाही’ या इशाऱ्याला वजन होते. २०२० साली दारेच बंद झाल्यावर हा इशारा निष्प्रभ ठरला.

४.३.२ बंद दारे आणि पहिले निर्णय

पहिला मोठा निर्णय चीनमध्ये झाला. जानेवारी २०२० मध्ये चांद्र नववर्षाच्या सुट्ट्यांच्या तोंडावर तेथील चित्रपटगृहे बंद झाली. या सुट्ट्या म्हणजे चिनी चित्रपटव्यवसायाचा सर्वांत मोठा हंगाम. त्यासाठी तयार असलेला ‘लॉस्ट इन रशिया’ हा विनोदी चित्रपट बाइटडान्स या कंपनीने ६३ कोटी युआन मोजून घेतला आणि २५ जानेवारीला आपल्या मंचांवरून विनामूल्य दाखवला. ज्यांनी या चित्रपटाच्या जाहिरातीसाठी आधीच श्रम आणि पैसा खर्च केला होता त्या चित्रपटगृहांनी या निर्णयाचा निषेध केला.

अमेरिकेत युनिव्हर्सल कंपनीने ‘ट्रोल्स वर्ल्ड टूर’ हा मुलांचा चित्रपट १० एप्रिल २०२० रोजी घरी भाड्याने पाहण्यासाठी उपलब्ध केला. ४८ तासांसाठी भाडे होते १९.९९ डॉलर. या प्रयोगाला यश आले आणि चित्रपटगृहे उघडल्यानंतरही आपण दोन्ही मार्ग वापरू, असे संकेत कंपनीच्या प्रमुखांनी दिले. त्याबरोबर एएमसी या चित्रपटगृहांच्या बलाढ्य साखळीने युनिव्हर्सलचे चित्रपट यापुढे लावणार नाही, असे जाहीर केले. येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. एएमसीचा आक्षेप मुख्यत्वे आपत्काळातील उपायावर नव्हता. तो उपाय पुढे नियम होईल या शक्यतेवर होता.

भारतात मार्च २०२०च्या मध्यापासून चित्रपटगृहे बंद होऊ लागली. १३ मार्चला लागलेला ‘अंग्रेजी मीडियम’ अवघ्या काही दिवसांत पडद्यावरून उतरला आणि एप्रिलच्या आरंभी घरच्या पडद्यावर आला. तो निदान एकदा चित्रपटगृहात लागला होता. शूजित सरकार दिग्दर्शित ‘गुलाबो सिताबो’ मात्र चित्रपटगृहाला वळसा घालून थेट ॲमेझॉन प्राइम व्हिडिओवर येणार असल्याचे १४ मे रोजी जाहीर झाले आणि १२ जूनला तो आला. अमिताभ बच्चन आणि आयुष्मान खुराना यांच्यासारखे अभिनेते असलेला चित्रपट चित्रपटगृहाविना येणे ही हिंदी चित्रपटव्यवसायातील नवी घटना होती. आयनॉक्स या बहुपडदा साखळीने त्याच दिवशी जाहीर निवेदनाद्वारे तीव्र नाराजी व्यक्त केली आणि प्रत्युत्तराची पावले उचलण्याचा इशारा दिला. निर्मात्यांच्या संघटनेनेही आपली बाजू मांडली.

दोन्ही पक्षांचे म्हणणे समजून घेण्याजोगे आहे. निर्मात्याने बहुधा कर्ज काढून भांडवल उभे केलेले असते. चित्रपट डब्यात राहिला तरी व्याज थांबत नाही. चित्रपटगृहे केव्हा उघडतील हे कोणीच सांगू शकत नव्हते आणि उघडली तरी एका तारखेसाठी अनेक चित्रपट ताटकळत असणार हे दिसत होते. दुसरीकडे, बंद चित्रपटगृहाचे उत्पन्न शून्यावर आले होते. जागेचे भाडे, वीजजोडणीचा स्थिर आकार, यंत्रांची देखभाल आणि कर्मचाऱ्यांचे वेतन हे खर्च मात्र सुरूच होते. तिकीटखिडकीवरचा कारकून, प्रोजेक्टर चालवणारा, दारावरचा डोअरकीपर, सफाई कामगार आणि बाहेर वडापावची गाडी लावणारा यांचा उदरनिर्वाह त्या दारावर अवलंबून होता. निर्मात्याला बाहेर पडण्याची दुसरी वाट मिळाली. या लोकांना ती नव्हती. वादाचे खरे दुःख येथे आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १

अ) ‘राखीव मुदत’ म्हणजे काय?
आ) २००९च्या समझोत्यानुसार पुढील आठवड्यांत प्रदर्शकाचा हिस्सा वाढत जातो की कमी होतो?
इ) ‘विश्वरूपम’च्या वेळी चित्रपटगृहांच्या इशाऱ्याला वजन का होते?

४.३.३ उत्पन्नाचे तीन हिशोब

चित्रपटगृह आणि घर यांतील फरक हा पडद्याच्या आकारापुरता मर्यादित नाही. प्रेक्षकाकडून पैसा घेण्याच्या पद्धतीच भिन्न आहेत.

पहिला हिशोब माणशी असतो. चित्रपटगृह खुर्ची विकते. समजा, चार जणांचे कुटुंब प्रत्येकी १५० रुपयांची तिकिटे काढते. तेव्हा ६०० रुपये जमा होतात. शिवाय मध्यंतरातील खाद्यपेयांचे उत्पन्न असते आणि ते चित्रपटगृहाकडेच राहते.

दुसरा हिशोब घरटी असतो. येथे एका चित्रपटाचे एकदाच पैसे भरायचे आणि घरातील सर्वांनी तो पाहायचा. मे २०२१ मध्ये सलमान खान यांचा ‘राधे’ झीच्या मंचावर २४९ रुपयांत पाहता येत होता. खोलीत दोघे असोत की दहा, रक्कम तेवढीच. त्याउलट निर्मात्याच्या बाजूने पाहता, या पैशात चित्रपटगृहाचा वाटा नसल्याने प्रत्येक रुपयातील मोठा भाग त्याच्या पदरी पडू शकतो.

तिसरा हिशोब महिन्याचा किंवा वर्षाचा असतो. वर्गणी भरलेला प्रेक्षक एका चित्रपटासाठी वेगळे पैसे देत नाही. मंच निर्मात्याला ठरलेली रक्कम देतो आणि चित्रपटाचा उपयोग नवे वर्गणीदार मिळवण्यासाठी व जुने टिकवण्यासाठी करतो. जुलै २०२० मध्ये सुशांतसिंह राजपूत यांचा अखेरचा चित्रपट ‘दिल बेचारा’ तर वर्गणी न भरलेल्यांसाठीही खुला ठेवण्यात आला होता.

या तिसऱ्या हिशोबाचे दोन परिणाम विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला जोखमीविषयीचा. ठोक रक्कम मिळाल्याने निर्मात्याचे नुकसान टळते. परंतु चित्रपट अनपेक्षितपणे लोकप्रिय झाला तर त्या यशाचा वाटाही बहुधा त्याला मिळत नाही. दुसरा परिणाम माहितीविषयीचा. चित्रपटगृहातील तिकीटविक्रीचे आकडे व्यवसायात सर्वांना कळतात. मंचावर किती जणांनी चित्रपट पाहिला, किती जणांनी तो अर्ध्यावर सोडला, हे प्रामुख्याने मंचालाच ठाऊक असते. आपल्या कलाकृतीचे यश किती, हे कर्त्याला दुसऱ्याकडून ऐकावे लागते.

४.३.४ थांबणारे आणि न थांबणारे

ज्यांनी थांबण्याचे ठरवले त्यांना त्याची किंमत मोजावी लागली, आणि ती किंमत इतरांनाही मोजावी लागली. जेम्स बाँडचा ‘नो टाइम टू डाय’ एप्रिल २०२० मध्ये यायचा होता; तो पुढे ढकलला जात २०२१च्या शरद ऋतूत आला. ऑक्टोबर २०२० मध्ये तो पुन्हा पुढे गेल्याचे जाहीर होताच सिनेवर्ल्ड या साखळीने ब्रिटन आणि अमेरिकेतील आपली चित्रपटगृहे तात्पुरती बंद केली. त्याच सुमारास क्रिस्टोफर नोलन यांचा ‘टेनेट’ चित्रपटगृहांत आणण्याचे धाडस झाले होते. परंतु अनेक शहरांतील चित्रपटगृहे बंद असल्याने त्याला अपेक्षित उत्पन्न मिळाले नाही. थोडक्यात, चित्रपट नाहीत म्हणून चित्रपटगृहे बंद आणि चित्रपटगृहे बंद म्हणून चित्रपट नाहीत, असे चक्र निर्माण झाले.

न थांबणाऱ्यांत स्वतःचा मंच असलेल्या कंपन्या आघाडीवर होत्या. डिस्नेने ‘मुलान’ सप्टेंबर २०२० मध्ये अमेरिकेत आपल्याच मंचावर २९.९९ डॉलर जादा आकारून आणला. डिसेंबर २०२० मध्ये वॉर्नर ब्रदर्सने २०२१ मधील आपले सर्व १७ चित्रपट अमेरिकेत चित्रपटगृहांत आणि एचबीओ मॅक्स या आपल्या मंचावर एकाच दिवशी आणण्याचे जाहीर केले. अनेक दिग्दर्शकांना हा निर्णय आधी विचारला गेला नव्हता; नोलन यांनी त्यावर उघड टीका केली. जुलै २०२१ मध्ये ‘ब्लॅक विडो’ही असाच दोन्हीकडे आला, तेव्हा अभिनेत्री स्कार्लेट जोहान्सन यांनी डिस्नेविरुद्ध दावा दाखल केला. त्यांचे मानधन तिकीटविक्रीशी जोडलेले होते आणि घरच्या प्रदर्शनामुळे ती विक्री घटली, असे त्यांचे म्हणणे होते. सप्टेंबरअखेर हा दावा तडजोडीने मिटला.

या घटनांना एक ऐतिहासिक पार्श्वभूमी आहे. १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट खटल्यात दिलेल्या निर्णयानंतर मोठ्या निर्मितिसंस्थांना आपली चित्रपटगृहे विकावी लागली होती. चित्रपट बनवणारा आणि पडद्याचा मालक एकच असला तर इतरांची कोंडी होते, हे त्यामागील तत्त्व होते. त्यातून आलेले निर्बंध ऑगस्ट २०२० मध्ये न्यायालयाने संपुष्टात आणले. योगायोग असा, की त्याच वर्षी निर्मितिसंस्था घराघरांतील पडद्याच्या मालक होऊ लागल्या होत्या.

भारतात ‘सूर्यवंशी’ हा थांबण्याचा ठळक नमुना होय. मार्च २०२० मध्ये लागायचा तो चित्रपट ५ नोव्हेंबर २०२१ रोजी, दिवाळीत लागला. तमिळ ‘मास्टर’ने मधला मार्ग काढला. १३ जानेवारी २०२१ रोजी तो पोंगलच्या मुहूर्तावर चित्रपटगृहांत लागला आणि त्याला मोठी गर्दी झाली. तरी २९ जानेवारीला तो घरच्या पडद्यावरही आला. राखीव मुदत सोळा दिवसांवर आली होती. याच चित्रपटाच्या आगमनापूर्वी तमिळनाडू शासनाने चित्रपटगृहे पूर्ण क्षमतेने भरण्यास दिलेली परवानगी केंद्राच्या आक्षेपानंतर मागे घ्यावी लागली होती. बंदिस्त, वातानुकूलित सभागृहात तीन तास शेजारी शेजारी बसणे हा तेव्हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न होता. म्हणूनच ‘चित्रपटगृहात या’ हे आवाहन त्या काळात निव्वळ व्यावसायिक राहू शकत नव्हते.

४.३.५ मराठी चित्रपटाची स्थिती

आता आपण आपल्या भाषेतील चित्रपटाकडे वळू. महाराष्ट्रात चित्रपटगृहे मार्च २०२० मध्ये बंद झाली ती ५ नोव्हेंबर २०२० पासून निम्म्या क्षमतेने सुरू झाली. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत ती पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा निम्म्या क्षमतेने उघडली. म्हणजे दीड वर्षाहून थोड्या अधिक काळात सुमारे चौदा महिने दारे बंदच होती.

हिंदी चित्रपट एका राज्यात अडला तरी त्याला दुसरी राज्ये असतात. मराठी चित्रपटाचा प्रेक्षक मुख्यतः महाराष्ट्रात एकवटलेला आहे. येथील चित्रपटगृहे बंद म्हणजे त्याची जवळजवळ संपूर्ण बाजारपेठ बंद. अशा वेळी घरच्या पडद्याचा आधार त्याला सर्वांत आधी मिळायला हवा होता. प्रत्यक्षात मे २०२० मध्ये ॲमेझॉनने थेट घरी आणण्यासाठी जे सात चित्रपट जाहीर केले ते हिंदी, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांतील होते. त्यांत मराठी चित्रपट नव्हता. ‘पिकासो’, ‘वेल डन बेबी’, ‘फोटो प्रेम’ हे मराठी चित्रपट या मंचावर थेट आले ते २०२१च्या मार्च ते मे या काळात. त्याच वर्षी जूनअखेर ‘जून’ या चित्रपटाद्वारे ‘प्लॅनेट मराठी’ हा मराठीपुरता मंचही पुढे आला.

या संदर्भात चैतन्य ताम्हाणे यांच्या दोन चित्रपटांचा प्रवास तुलनेसाठी घेता येईल. ‘कोर्ट’ हा त्यांचा पहिला चित्रपट एप्रिल २०१५ मध्ये चित्रपटगृहांत लागला. ‘द डिसायपल’ या दुसऱ्या चित्रपटाला सप्टेंबर २०२० मध्ये व्हेनिस महोत्सवात पटकथेचा पुरस्कार मिळाला आणि ३० एप्रिल २०२१ रोजी तो नेटफ्लिक्सवर आला. हिंदुस्थानी संगीताच्या साधकाची ती मराठी कथा एकाच दिवशी अनेक देशांत उपशीर्षकांसह पाहता आली. परदेशस्थ मराठी कुटुंबांनाही ती घरबसल्या मिळाली. त्याच वेळी महाराष्ट्रात चित्रपटगृहे बंद होती. एवढ्या दूर पोचलेला मराठी चित्रपट आपल्याच गावच्या पडद्यावर लागला नाही, हे या काळाचे वैशिष्ट्य होय.

दारे उघडल्यावर हेमंत ढोमे दिग्दर्शित ‘झिम्मा’ १९ नोव्हेंबर २०२१ रोजी लागला. परदेश-सहलीला निघालेल्या स्त्रियांची ही गोष्ट पाहण्यासाठी स्त्रिया गटागटाने आल्या आणि निम्म्या खुर्च्या रिकाम्या ठेवण्याचे बंधन असतानाही चित्रपट चालला. मैत्रिणींसह बाहेर पडणे हाच ज्या कथेचा विषय आहे तिला मैत्रिणींसह बाहेर पडलेला प्रेक्षक मिळाला. घरातल्या पडद्यावर हे घडणे अवघड होते; घरी पाहताना बहुधा रिमोट दुसऱ्याच्या हाती आणि स्वयंपाकघर आपल्या वाट्याला असते.

तथापि याच आठवड्यांत दीड वर्ष रोखून धरलेले मोठे चित्रपट रांगेने येऊ लागले होते. चित्रपटगृहात खेळांची संख्या मर्यादित असते आणि तेथे मराठी चित्रपटाला सोयीची वेळ मिळणे महामारीपूर्वीही कठीणच होते. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने बहुपडदा चित्रपटगृहांत मुख्य वेळेत मराठी चित्रपट दाखवण्याविषयी भूमिका घेतली ती यामुळेच. सारांश, एका दारी वेळ मिळत नाही आणि दुसऱ्या दारी निवड होत नाही, अशा दुहेरी अडचणीत मराठी चित्रपट असतो. ‘कोणता पडदा चांगला’ या प्रश्नापेक्षा ‘पहिली पाळी कोठे तरी निश्चित मिळेल का’ हा प्रश्न त्याच्यासाठी अधिक निकडीचा आहे.

४.३.६ भाषेची साक्ष

समाजव्यवहार बदलला की त्याच्या खुणा भाषेत उमटतात. चित्रपटासंबंधीची मराठी क्रियापदे या दृष्टीने अभ्यसनीय आहेत.

मराठीत सिनेमा ‘लागतो’. ‘प्रभातला कोणता सिनेमा लागलाय?’ हा पुण्यात अनेक वर्षे विचारला गेलेला प्रश्न. लागलेला सिनेमा ‘चालतो’ किंवा ‘पडतो’ आणि शेवटी ‘उतरतो’. या सर्व क्रियापदांत काळाची मर्यादा गृहीत आहे. जे लागते ते उतरणारही असते. म्हणून ते असेपर्यंत पाहून घ्यावे लागते. घरच्या मंचावर सिनेमा ‘येतो’ आणि मग ‘असतो’. ‘बघू केव्हातरी’ हे वाक्य या ‘असण्या’तून आले आहे.

प्रत्ययही पाहण्यासारखे आहेत. चित्रपटगृहासाठी आपण ‘प्रभातला’ असे म्हणतो. हा ‘ला’ स्थळाकडे निर्देश करतो. मंचासाठी मात्र ‘नेटफ्लिक्सवर’ असे म्हणतो, जसे ‘रेडिओवर’, ‘टीव्हीवर’. बोलणाऱ्याने ओटीटीला ठिकाणांच्या यादीत न घालता प्रसारमाध्यमांच्या यादीत घातले आहे. ‘सिनेमा पाहायला जाणे’ या प्रयोगातील ‘जाणे’ही घरच्या पडद्यापुढे गळून पडते.

सर्वांत बोलका फरक ‘लागणे’ आणि ‘लावणे’ या जोडीत आहे. ‘लागणे’ अकर्मक आहे; ‘लावणे’ हे त्याचे सकर्मक रूप. चित्रपटगृहात सिनेमा लागतो, कारण तो लावणारा दुसरा कोणी असतो आणि प्रेक्षक त्याच्या वेळेप्रमाणे जातो. घरी मात्र ‘चल, एखादा सिनेमा लावू’ असे आपण म्हणतो. लावणाऱ्याची जागा प्रेक्षकाने घेतली आहे. प्रदर्शकाचा संताप आणि प्रेक्षकाचा आनंद ही दोन्ही या एका बदलाची रूपे आहेत. अर्थात लावण्यासाठी समोर काय ठेवायचे हे मंच ठरवतो, ही गोष्ट या क्रियापदात दिसत नाही. ती आपण विसरता कामा नये.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २

अ) वर्गणीच्या पद्धतीत निर्मात्याचा लाभ कोणता आणि तोटा कोणता?
आ) महाराष्ट्रातील चित्रपटगृहे बंद झाल्याचा फटका मराठी चित्रपटाला हिंदीपेक्षा अधिक का बसला?
इ) ‘प्रभातला’ आणि ‘नेटफ्लिक्सवर’ या प्रयोगांतील प्रत्यय व शब्दयोगी अव्यय काय सुचवतात?

४.३.७ तडजोड आणि तिचा अर्थ

हा वाद कोणा एकाच्या विजयाने संपला नाही. जुलै २०२० मध्येच एएमसी आणि युनिव्हर्सल यांनी समझोता केला. चित्रपट किमान १७ दिवस केवळ चित्रपटगृहांत राहील, त्यानंतर तो घरी भाड्याने देता येईल आणि त्या उत्पन्नात एएमसीलाही वाटा मिळेल, असे ठरले. २०२२ मध्ये वॉर्नरनेही एकाच दिवशीच्या प्रदर्शनाचे धोरण सोडले. ‘द बॅटमॅन’ आधी चित्रपटगृहांत आणि ४५ दिवसांनी मंचावर आला. भारतात महामारीच्या काळात चार आठवड्यांवर आलेली हिंदी चित्रपटांची मुदत पुढे पुन्हा आठ आठवड्यांवर नेण्यात आली. पीव्हीआर आणि आयनॉक्स या दोन साखळ्यांनी मार्च २०२२ मध्ये विलीनीकरण जाहीर केले व २०२३ मध्ये ते पूर्ण झाले. पडद्यांची मोठी संख्या एका हाती आल्याने त्यांची वाटाघाटीची शक्ती वाढली.

दरम्यान ‘स्पायडर-मॅन : नो वे होम’ आणि ‘टॉप गन : मॅव्हरिक’ या केवळ चित्रपटगृहांसाठी राखून ठेवलेल्या चित्रपटांना जगभर प्रचंड प्रतिसाद मिळाला. प्रेक्षक चित्रपटगृह विसरला, हे भाकीत खोटे ठरले. पण ज्यासाठी घराबाहेर पडावे असे चित्रपट कोणते, याविषयी तो अधिक चोखंदळ झाला. भव्य चित्रपटाला त्याचा लाभ झाला. छोट्या, शांत, हळूहळू तोंडी प्रसिद्धीने चालणाऱ्या चित्रपटाला ते पुढचे आठवडे हवे असतात, आणि नेमके तेच आठवडे आकसले. मराठीतील बरेच चांगले चित्रपट या दुसऱ्या प्रकारात मोडतात, म्हणून हा प्रश्न मराठीच्या अभ्यासकांनी केवळ व्यापारवार्ता म्हणून बाजूला सारू नये.

४.४ सारांश

महामारीच्या काळातील ‘चित्रपटगृह की घर’ हा वाद वरकरणी पडद्याच्या आकाराचा, पण मुळात पहिल्या प्रदर्शनाच्या हक्काचा आणि जोखमीच्या वाटणीचा होता. चित्रपटगृहांची राखीव मुदत हे त्या हक्काचे व्यावहारिक रूप होय. चित्रपटगृहे बंद झाल्याने ही मुदत मोडली. निर्मात्याला दुसरी वाट मिळाली, परंतु चित्रपटगृहावर जगणाऱ्यांना ती मिळाली नाही. माणशी, घरटी आणि वर्गणी या तीन हिशोबांत लाभ, जोखीम व माहिती यांची वाटणी वेगवेगळी होते. मराठी चित्रपटाला दोन्ही ठिकाणी पहिली पाळी दुर्मीळ असते. ‘लागणे’कडून ‘लावणे’कडे झालेला भाषिक प्रवास प्रेक्षकाच्या बदललेल्या स्थानाची साक्ष देतो.

४.५ पारिभाषिक शब्द

प्रदर्शक : चित्रपटगृह चालवणारी व्यक्ती वा संस्था.
राखीव मुदत : चित्रपट केवळ चित्रपटगृहांतच दाखवला जाईल असा ठरलेला काळ.
बहुपडदा चित्रपटगृह : एकाच इमारतीत अनेक पडदे असलेले चित्रपटगृह, मल्टिप्लेक्स.
ओटीटी मंच : इंटरनेटद्वारे चित्रपट व मालिका घरोघरी पुरवणारी सेवा.
उपशीर्षके : संवादांचा पडद्याच्या खालच्या भागात दिलेला लिखित अनुवाद.

४.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : अ) चित्रपट अन्य मार्गाने उपलब्ध न करता केवळ चित्रपटगृहांत दाखवण्याचा ठरलेला काळ. आ) वाढत जातो. इ) चित्रपटगृहे उघडी असल्याने चित्रपट न लावण्याचा निर्णय निर्मात्याला नुकसानकारक ठरला असता.

प्रश्न २ : अ) ठोक रक्कम मिळाल्याने नुकसान टळते, अनपेक्षित यशाचा वाटा आणि प्रेक्षकसंख्येची माहिती मात्र बहुधा मिळत नाही. आ) मराठी चित्रपटाचा प्रेक्षक मुख्यतः महाराष्ट्रात असल्याने त्याला पर्यायी प्रदेश नव्हता. इ) ‘ला’ स्थळ सुचवतो, तर ‘वर’ प्रसाराचे माध्यम सुचवते.

४.७ स्वाध्याय

१. ‘चित्रपट-प्रदर्शनाचा वाद हा रसिकतेपेक्षा हक्काचा वाद होता.’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
२. ‘सूर्यवंशी’, ‘मास्टर’ आणि ‘गुलाबो सिताबो’ यांच्या प्रदर्शनाच्या मार्गांची तुलना करा.
३. टीप लिहा : अ) उत्पन्नाचे तीन हिशोब आ) ‘लागणे’ आणि ‘लावणे’.

उपक्रम : आपल्या गावातील किंवा तालुक्यातील सुरू अथवा बंद पडलेल्या एका चित्रपटगृहाची माहिती मिळवा. तेथे पूर्वी काम केलेल्या एका व्यक्तीशी बोला. चित्रपटगृहाच्या व्यवहारातील जे खास शब्द त्यांच्या बोलण्यात आले त्यांची अर्थासह यादी करा आणि सुमारे ३०० शब्दांत टिपण लिहा.